अभियांत्रिकीचे पहिले वर्ष

बारावी विज्ञान शाखेची परीक्षा होते, पाठोपाठ सीईटी होते आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. त्या आटोपल्या की भुसावळ, रावेर, अमळनेर, चाळीसगाव, साक्री अशा गावांतून पुष्कळ मुलेमुली जळगाव आणि धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दाखल होतात. कुणाला संगणक शिकायचा असतो, कुणाला वीज, कुणाला यंत्रे, तर कुणाला पूल आणि धरणे बांधायची असतात. पहिल्या दिवशी फलकावर वेळापत्रक लागते आणि अनेकांचे चेहरे उतरतात. त्यात गणित आहे, भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे. ज्यासाठी आपण आलो त्याचा मात्र फारसा पत्ता नाही. "हे तर बारावीत झाले. पुन्हा कशासाठी?" असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे. त्याचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे कित्येक विद्यार्थी हे वर्ष कसेबसे ढकलतात आणि पुढे त्याची मोठी किंमत मोजतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण तीन-चार वर्षांनी याच वर्गात बसलेले असतील. म्हणून हे पहिले वर्ष काय असते ते आताच पाहू.

खानदेशात अभियांत्रिकीचे शिक्षण फार जुने नाही. एके काळी त्यासाठी पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. धुळ्याच्या देवपूर भागात श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे बापूसाहेब शिवाजीराव देवरे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले आहे. १९९६ साली जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीही आता अशी सोय आहे.

या सर्व ठिकाणी पहिल्या वर्षाची रचना साधारण सारखीच असते. शाखा कोणतीही असो, गणित सर्वांना. विद्यार्थी त्याला 'एम-वन' आणि 'एम-टू' म्हणतात. बहुधा निम्म्या तुकड्यांना एका सत्रात भौतिकशास्त्र आणि उरलेल्यांना रसायनशास्त्र असते. दुसऱ्या सत्रात अदलाबदल होते. जोडीला मेकॅनिक्स म्हणजे बलांचे शास्त्र, विजेची मूलतत्त्वे, संगणकाचे प्राथमिक शिक्षण, कार्यशाळेतील काम आणि ग्राफिक्स म्हणजे आरेखन. आरेखनाच्या मोठ्या शीटा आणि ड्राफ्टर घेऊन बसमधून प्रवास करणारा मुलगा दिसला, की तो पहिल्या वर्षाचा आहे हे कंडक्टरही ओळखतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूल बांधणाऱ्याला इतके गणित कशाला?

याचे एक उत्तर धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातून पांझरा नदी वाहते. या नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने शेतीला पाणी देण्याची फड पद्धत फार जुनी आहे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक तरुण सहायक अभियंता रुजू झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरहून बी. ए. होऊन तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात आला होता आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला होता. सुरुवातीच्या काळातच त्याची नेमणूक खानदेशात झाली. दातर्ती येथे पाटाचे पाणी पांझरा ओलांडून पलीकडे न्यायचे होते. हे काम त्याने नळाचा सायफन घालून केले. पुढे भारतरत्न झालेल्या या थोर अभियंत्याच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक होय.

हा सायफन म्हणजे काय? पाट नदीच्या एका काठापर्यंत येतो. तेथून पाणी नळात शिरते, नदीच्या पात्राखालून जाते आणि दुसऱ्या काठावर पुन्हा वर चढते. पंप नाही, इंजिन नाही. पाणी वर कसे चढते? इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या नळीत पाणी ओतले तर दोन्ही बाजूंना ते सारख्या उंचीवर येते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. तोच हा नियम. पण एक अडचण आहे. वाहते पाणी नळाच्या भिंतींना घासते आणि त्यात त्याची थोडी ऊर्जा खर्च होते. म्हणून पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली ठेवावे लागते. थोडे म्हणजे किती? एक वीत? एक हात? दोन पुरुष? इथे गवंड्याचा अंदाज संपतो आणि अभियंत्याचे गणित सुरू होते.

नळाची त्रिज्या निम्मी केली तर काय होईल ते पाहा. नळाच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौथा हिस्सा होईल. तेवढेच पाणी जायचे असेल तर त्याला चौपट वेगाने धावावे लागेल. घर्षणाने होणारी हानी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सोळा पट होईल. शिवाय नळ अरुंद झाला की हानी आणखी दुप्पट होते. सोळा दुणे बत्तीस! नळ फक्त निम्मा केला आणि हानी सुमारे बत्तीस पट झाली. मग मोठाच नळ घातला तर? त्यातून पाणी संथ वाहील, गाळ तळाला बसेल आणि काही वर्षांत नळ बुजेल. शिवाय मोठ्या नळाला पैसाही जास्त लागतो. या दोन टोकांच्या मधली योग्य जागा शोधणे हे अभियंत्याचे काम. केळीच्या बागेत ठिबक सिंचनाच्या नळ्या अंथरताना आजही हाच हिशोब करावा लागतो. नाहीतर पहिल्या झाडाला पाणी मिळते आणि शेवटचे कोरडे राहते.

'मधली योग्य जागा शोधणे' हे शब्द लक्षात ठेवा. एम-वनच्या पेपरात त्यालाच महत्तम आणि लघुतम मूल्ये काढणे म्हणतात. विद्यार्थी ही उदाहरणे यांत्रिकपणे सोडवतात आणि विसरतात. खरे तर त्यांतले एक उदाहरण साक्री तालुक्यातच डोंगरमाथ्यावर उभे आहे.

ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती किती वाढते? दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट. कारण असे : वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेतली गतिज ऊर्जा चौपट होते, हे तर झालेच, पण त्याच वेळी दर सेकंदाला पात्यांवर येणारी हवाही दुप्पट होते. चार दुणे आठ. म्हणूनच पवनचक्क्या पठाराच्या कडेला, जिथे वारा थोडाच अधिक असतो, तिथे उभारतात. तो थोडासा फरक पुढे आठपटीच्या हिशोबाने मोजला जातो.

आता पुढची पायरी. वाऱ्याची सगळीच ऊर्जा पात्यांनी काढून घेतली तर? ते शक्य नाही. ऊर्जा फार काढली तर पात्यांमागची हवा संथ होते आणि पुढून येणाऱ्या हवेला वाट देत नाही. फार थोडी काढली तर वीजच मिळत नाही. पात्यांमागे वाऱ्याचा वेग मूळ वेगाच्या 'क' पट उरतो असे मानू. पात्यांतून जाणारी हवा पुढच्या आणि मागच्या वेगाच्या सरासरीच्या प्रमाणात असते, म्हणजे (१ + क) ÷ २. प्रत्येक किलो हवेतून काढलेली ऊर्जा (१ − क²) च्या प्रमाणात असते. तेव्हा वाऱ्यातल्या शक्तीपैकी आपल्या हाती येणारा भाग असा :

(१ + क)(१ − क²) ÷ २

क = १ घाला; उत्तर शून्य. क = १/२ घाला; उत्तर ९/१६. आता सर्वांत मोठे उत्तर कधी येईल? आकडे घालत बसण्यापेक्षा विकलन करावे. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, तशी कोणतीही वाढणारी राशी शिखरावर क्षणभर थांबते. तिथे तिच्या बदलाचा दर शून्य असतो. वरच्या राशीच्या बदलाचा दर शून्य मानला की हे समीकरण मिळते :

३क² + २क − १ = ०

हे साधे वर्गसमीकरण आहे. दहावीच्या मुलाला ते सोडवता आले पाहिजे. उत्तर येते क = १/३, आणि हाती येणारा भाग १६/२७, म्हणजे सुमारे ५९ टक्के. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेच ही मर्यादा प्रसिद्ध केली. जगातली कोणतीही साधी पवनचक्की, कितीही पैसा ओतला तरी, तिच्यापुढे जाऊ शकत नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याला 'ऐंशी टक्के वीज देणारी' पवनचक्की कुणी विकू शकणार नाही.

महत्तम-लघुतमाचा विषय निघाला म्हणून एका माणसाची आठवण करून देतो. उर्दूतून शिकणाऱ्यांनी त्यांचे नाव माहीत करून घेतलेच पाहिजे. मास्टर रामचंद्र (१८२१–१८८०) हे दिल्ली कॉलेजात गणिताचे शिक्षक होते आणि पाश्चात्त्य गणित व विज्ञान ते उर्दूतून शिकवत. विकलनाची मदत न घेता, केवळ बीजगणिताने महत्तम आणि लघुतम मूल्ये कशी काढावीत, यावर त्यांनी १८५० साली कलकत्त्यात इंग्रजी पुस्तक छापले. लंडनचे प्रसिद्ध गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती ते पडले. त्यांना ते इतके आवडले की १८५९ साली त्यांनी ते लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवले. उर्दू माध्यमातून गणित पक्के होत नाही असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

रसायनशास्त्राविषयी तक्रार सर्वांत जास्त असते. संगणकाच्या विद्यार्थ्याला तर ते अगदीच परके वाटते. पण भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर जनित्र फिरवतात. हे पाणी कसले? नदीचे पाणी थेट बॉयलरमध्ये घालता येत नाही. तुमच्या घरी बोअरचे पाणी रोज उकळत असेल तर भांड्याच्या तळाशी साचणारा पांढरा थर पाहा. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार तिथे बसतात. भांड्यात तो थर बसला तर चहाला थोडा उशीर होतो, एवढेच. बॉयलरच्या नळीत बसला तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा जास्त लागतो, आणि नळीचे पोलाद वाजवीपेक्षा तापून शेवटी फुटते. म्हणून वीजकेंद्रात पाण्यातले क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकणारा वेगळा विभाग असतो.

पाणी किती जड आहे हे मोजण्याचा प्रयोग पहिल्या वर्षी बहुतेक सर्वांना करावा लागतो. पाण्यात सूचकाचे दोन-तीन थेंब टाकले की ते जांभळट लाल होते. ब्युरेटमधून इडीटीए नावाच्या रसायनाचे द्रावण थेंब थेंब सोडायचे. एका थेंबाला लाल रंग जातो आणि निळा येतो. तो थेंब ओळखला की झाले. अनेक विद्यार्थी मित्राच्या जर्नलमधून आकडा उतरवून घेतात. प्रयोग हाताने करणारा मात्र एक गोष्ट शिकतो, जी पुस्तकात मिळत नाही : एका थेंबाची चूक आकड्यात किती मोठी दिसते.

भौतिकशास्त्राचे एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या उन्हाशी संबंधित आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर ऊर्जा प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मग मे महिन्यातल्या भर दुपारी सौर पट्टी सर्वांत कार्यक्षम असते का? नाही. सौर पट्टी प्रकाशावर चालते, उष्णतेवर नाही. सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. तो तापला की त्यातून मिळणारा विद्युतदाब कमी होतो. पट्टीची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते. उन्हात पट्टीचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापला, म्हणजे ४० अंश वर गेला, तर सोळा टक्के वीज गेली! असे का होते हे अर्धवाहकांच्या प्रकरणात येते, आणि ते प्रकरण पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात असते. मोबाइल आणि संगणक ज्या चिपवर चालतात तीही सिलिकॉनचीच. म्हणून 'मी तर संगणकाचा, मला हे कशाला' असे म्हणणारा स्वतःच्याच घराचा पाया नाकारत असतो.

इतके सगळे समजले तरी आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण वेगळीच असते. ती भाषेची आहे. दहावीपर्यंत उर्दू, भोवताली मराठी आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी. शाळेत मुसल्लस म्हटले, मराठीच्या तासाला त्रिकोण म्हटले, आता ट्रँगल म्हणायचे. जाविया म्हणजे कोन म्हणजे अँगल. निस्फ कुत्र म्हणजे त्रिज्या म्हणजे रेडिअस. मुसावात म्हणजे समीकरण म्हणजे इक्वेशन. वस्तू एकच, नावे तीन. पहिल्या महिन्यात वर्गात सर बोलत असतात आणि विद्यार्थी मनात भाषांतर करत असतो. भाषांतर होईपर्यंत फळा पुसला जातो. त्याला वाटते, आपल्याला गणित येत नाही. तसे नसते. त्याचे गणित शाबूत असते, फक्त ते दुसऱ्या भाषेत ठेवलेले असते.

या तीन भाषा मात्र एकमेकींना परक्या नाहीत. त्रिकोणमितीतल्या 'साइन' या शब्दाचा प्रवास पाहा. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणत, आणि वर्तुळाच्या कंसाला जोडणाऱ्या रेषेलाही तेच नाव मिळाले. 'त्रिज्या' या मराठी शब्दात ती ज्या अजून आहे. हे गणित अरबीत गेले तेव्हा शब्द झाला 'जिबा'. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. तेव्हा पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा गळ्याजवळची खोलगट जागा. आपल्या सदऱ्याचा जेब तो हाच. बाराव्या शतकात युरोपात लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द वापरला गेला, आणि त्याचा झाला साइन. 'अल्जिब्रा' हा शब्द तर नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून आला. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा बसवणे, जसे हाड बसवतात. संगणकाचे विद्यार्थी रोज ज्याचे नाव घेतात तो 'अल्गोरिदम' म्हणजे ख्वारिज्मी यांच्याच नावाचे लॅटिन रूप.

यातला एक दुवा जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला. (हा चांगदेव ज्योतिषी होता, संत चांगदेव वेगळे.) एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. म्हणजे केवळ गणित आणि ज्योतिष शिकवणारी एक शाळा खानदेशात आठशे वर्षांपूर्वी होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. ग्रहाची एखाद्या क्षणाची गती कशी काढावी याचा विचार त्यात आहे, आणि एम-वनमधले विकलन त्याच विचाराच्या पुढच्या वाटेवर आहे. त्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ साली केले. 'बीजगणित' शाहजहानच्या काळात अताउल्ला रश्दी यांनी फारसीत नेले. फारसी येणाऱ्यांनी संस्कृतातले गणित वाचले, ते असे.

पुन्हा वर्गात येऊ. पहिल्या वर्षी मुले नापास का होतात? माझ्या मते बुद्धी कमी पडते म्हणून फार थोडी होतात. बारावीत शिकवणीला कुणीतरी रोज मागे लागलेले असते. इथे कुणी विचारत नाही. सत्र जेमतेम चार महिन्यांचे. त्यात सबमिशन, शीटा, जर्नले. गणिताची दोन प्रकरणे हुकली की तिसरे समजत नाही, कारण गणितात प्रकरणे विटांसारखी एकमेकींवर रचलेली असतात. मग परीक्षेच्या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिकांची सोडवलेली उत्तरे पाठ करायची, हा उपाय सुचतो. प्रश्नातला आकडा बदलला की तो उपाय कोसळतो.

मग एटीकेटी लागते. म्हणजे एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात. ही सवलत आहे, पण तिला मुदत आहे. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीचा अभ्यास करताना एम-वनही डोक्यावर असते. ज्याचा एम-वन सुटत नाही तो दुसऱ्या वर्षानंतर घरी बसतो. मुले याला 'इयर डाऊन' म्हणतात. ज्या घरात मोठ्या मुलाची फी कर्ज काढून भरलेली असते, धाकट्या बहिणीचे शिक्षण त्यानंतर ठरायचे असते, तिथे एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको. कधी ते वर्ष परत येते. कधी मुलगा दुकानात बसतो आणि पुन्हा कॉलेजकडे फिरकत नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन पदविका घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. हाताचे काम त्यांना चांगले येते, पण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित झालेले नसते, आणि एम-थ्री समोर उभा राहतो. या मुलांनी मधल्या सुटीत एम-वन आणि एम-टूची विकलन, संकलन आणि अवकल समीकरणे ही प्रकरणे करून ठेवली तर पुष्कळ त्रास वाचतो.

भाषेच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. पहिल्या वर्षाची पुस्तके भारतीय भाषांत आणण्याचे कामही हाती घेतले. त्या भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. ही पुस्तके इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचावीत. एकदा कल्पना आपल्या भाषेत कळली, की इंग्रजी वाक्य अर्धे सोपे होते. पण प्रश्नपत्रिका बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच येते. म्हणून नववी-दहावीपासून एक वही करावी. तिच्या पानावर तीन रकाने आखावेत : उर्दू, मराठी, इंग्रजी. पाठात नवी संज्ञा आली की तिची तिन्ही नावे एका ओळीत लिहावीत. महिन्याला चाळीस शब्द झाले तरी दोन वर्षांत नऊशेच्या वर होतात, आणि पहिल्या वर्षाला त्याहून फारसे जास्त लागत नाहीत.

संज्ञांइतकेच महत्त्वाचे आहेत ते प्रश्नातले हुकूम. 'डिफाइन' म्हटले की व्याख्या द्यायची, दोन ओळी पुरे. 'स्टेट' म्हटले की नियम फक्त सांगायचा, सिद्ध करायचा नाही. 'डिराइव्ह' म्हटले की सूत्र पायरीपायरीने मिळवून दाखवायचे. नुसते सूत्र लिहिले तर गुण मिळत नाहीत. 'इव्हॅल्युएट' म्हणजे किंमत काढा. 'स्केच' म्हणजे हाताने काढलेली आकृती. तिथे ड्राफ्टर काढून बसलात तर अर्धा तास गेला. आणि 'हेन्स' हा छोटा शब्द फार जणांना फसवतो. त्याचा अर्थ, वर जे सिद्ध केले त्याचाच उपयोग करून पुढचे उत्तर काढा. दुसऱ्या रीतीने काढलेले उत्तर बरोबर असले तरी तपासणारा तिथे गुण कापू शकतो.